दिवाळीच्या किल्ल्यावर राक्षस सोडायचा असेल तर

यंदा तुमच्या गल्लीत पोरं किल्ला करणार असतील तर माझं ऐका, दिवाळी झाली म्हणून तो लगेच मोडू नका, त्याच्यासमोर एक अवाढव्य प्राण्याचा सिनेमा शूट करा. एक मोबाईल, पुठ्ठे, फोम, जुनं रेक्झिन आणि अंगानं काटक असा एक पोरगा, एवढ्यात होतं. मला हे स्वस्तातले मॉन्स्टर सिनेमे मनापासून आवडतात, कारण त्यात कुणीतरी खरंच हातानं घर बांधलेलं असतं आणि कुणीतरी खरंच ते पायानं तुडवलेलं असतं, ते वजन कॉम्प्युटरवरच्या राक्षसाला येत नाही म्हणजे नाहीच.

आधी माप ठरवा. १९५४ साली जपानच्या तोहो कंपनीनं पहिला गॉडझिला केला तेव्हा स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या एइजी त्सुबुराया यांनी सरळ रबरी सूटमध्ये माणूस घातला, कारण बाहुली एकेक फ्रेम हलवत बसायला वेळही नव्हता आणि पैसाही. प्राणी ५० मीटरचा मानला आणि शहर १/२५ मापाचं बांधलं, म्हणजे हिशेबानं सूटची उंची २ मीटर, माणूस बरोब्बर बसतो. आपण तेच माप घेऊ. साडेचार फुटी पोरगा घातला तर गोष्टीत तो ३५ मीटरच्या आसपास जातो, आणि आपल्याकडचं दुमजली घर साधारण एक फुटाचं करावं लागतं.

किल्ल्याचं माप यात बसत नाही, पण तीच मजा आहे. किल्ला मागं ठेवा आणि गाव त्याच्या पुढं मांडा, मग तो आपल्या बेळगावजवळचा लांबचा राजहंसगड दिसतो, येळ्ळूरच्या शिवारातून दिसतो तसाच. घरांना कौलं पाहिजेत, त्यासाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलायचा, आतली नागमोडी लाट गेरूनं रंगवली की कौलारू छप्पर तयार. भिंतींना आतून ब्लेडनं आधीच चिरा मारून ठेवा, नाहीतर लाथ बसल्यावर घर फुटत नाही, नुसतं घसरतं. छपरात चाळलेली लाल माती आणि राख भरा, पडताना जो धुरळा उठतो ना त्यावर अख्खा सीन उभा राहतो. एक लाल खेळण्यातली बस ठेवाच.

सूटसाठी बेळगावच्या कॅम्पात ३१ डिसेंबरला जाळायचे ओल्डमॅनचे पुतळे बनवणारी पोरं असतात त्यांना गाठा, मोठं धड हलकं कसं करायचं हे त्यांना नीट कळतं, आणि तोंडासाठी गणपती करणाऱ्या मूर्तिकाराला विचारा. सूट हलकाच ठेवा हं. तोहोचा पहिला सूट जवळपास १०० किलोचा झाला होता, आतल्या हारुओ नाकाजिमाला चारदोन पावलं टाकणं मुश्किल झालं मग दुसरा हलका करावा लागला. पोराला पाचेक मिनिटांनी बाहेर काढा, पाणी द्या, आणि फटाके, पाऊस (भुईनळे) असलं काहीही सूटजवळ पेटवू नका, फोम आणि रेक्झिन भडकन पेटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्लो मोशन. छोटं घर पटकन पडतं, खरं मोठं घर पडायला वेळ घेतं, तो वेळ कॅमेऱ्यानं वाढवायचा असतो. मापाचं वर्गमूळ काढायचं, २५ चं वर्गमूळ ५, सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणून शूट करायचं १२० फ्रेमवर, आणि हे सेटिंग आजकाल बऱ्याच मोबाईलमध्ये असतं. फक्त उजेड भरपूर लागतो, शिवाय घरात ट्यूबलाईटखाली केलं तर चित्र लुकलुकतं, म्हणून उन्हातच करा. मोबाईल उलटा धरून जमिनीला टेकवा म्हणजे लेन्स खाली येते, कारण या मापात माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम साडेसहा सेंटिमीटरवर असतात, तिथून बघितलं तरच तो राक्षस वाटतो, उभ्यानं शूट केलात तर नुसता फोममधला पोरगा दिसेल.

सगळं दाखवायची गरज नाही. १९५५ साली हॉलिवूडमध्ये बाहुल्या एकेक फ्रेम हलवून सिनेमातले राक्षस करणाऱ्या रे हॅरीहाऊसेन यांनी पैसे वाचवायला ऑक्टोपसला आठऐवजी सहाच पाय केले, बाकीचे पाण्याखाली आहेत असं समजून लोकांनी बघितलं. तुम्हीही आधी शेपूट, मग पाऊल, मग राकसकोप धरणाच्या पाण्यावर नुसती लाट दाखवा. मधे गल्लीतली माणसं घाला, नळावरची काकू वर बघत "हे काय करुलालाय रे" म्हणते, तेवढ्यात कुणीतरी कन्नडमध्ये ओरडत पळतो, हे आपल्या गावाचं खरं बोलणं आहे, ते पुस्तकी करू नका. माणसांचे शॉट साध्या स्पीडलाच घ्यायचे.

आवाजाचं सांगतो. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी गॉडझिलाची डरकाळी कशी काढली, तर कॉन्ट्राबास म्हणजे माणसाएवढ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून, आणि मग ते रेकॉर्डिंग सावकाश वाजवून. आपण तेलाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून सुतळी ओवायची, राळ लावून चिमटीत ओढायची आणि ॲपमध्ये स्पीड निम्मा करायचा, अंगावर काटा येतो.

मोडतोड शेवटच्या दिवशी ठेवा, घर एकदाच फुटतं. त्या शॉटला शेजाऱ्यापाजाऱ्यांचे असतील तेवढे मोबाईल वेगवेगळ्या कोपऱ्यात लावा, सगळे १२० वर आहेत ना हे एकानं फिरून बघावं, आणि मगच पोराला सूटमध्ये घाला.