लेथवर पोकळ भांडं कोरताना पकड सुटते? या चुका टाळा

ठोकळा उडाला की आपण हत्याराला दोष देतो. खरी चूक बहुतेक वेळा बुडाशी असते, चकात, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या लेथच्या जबड्यांच्या पकडीत, धरायला काढलेल्या गोल खुंट्यात.

मागच्या उन्हाळ्यात बांधावरच्या बाभळीचा वीतभर उंच गडवा कोरत होतो. हत्यार आत अडकलं आणि गडवा भिंतीवर आदळला. खुंटा उचलून पाहिला, तर टोकावर गोल चकाकी उमटलेली. म्हणजे तो चकाच्या तळाला टेकला होता आणि गडव्याचा खांदा, म्हणजे खुंट्याच्या मुळाभोवतीची सपाट कड, जबड्यांना लागलाच नव्हता. पोकळ कोरताना जोर लांब तोंडाशी पडतो, तो झेलतो खांदा. खुंटा फक्त ओढून धरतो.

म्हणून खुंटा जबड्यांच्या खोलीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर आखूड ठेवा. चक आवळल्यावर कागदाची पट्टी खांदा आणि जबड्यांच्या मध्ये सरकवून बघा. कुठेही आत गेली तर काम थांबवा. खुंट्याच्या मुळाशी कोपरा स्वच्छ हवा, तिथे जरा गोलाई राहिली तरी खांदा टेकत नाही. व्यास असा धरा, की जबडे जवळजवळ मिटलेले असतील. फार उघडले की नुसत्या कडा चावतात. जबडे आत तिरके असतील तर खुंट्यालाही तोच उतार द्या.

झाडाचा गाभा खुंट्यात येऊ देऊ नका, चीर तिथूनच सुरू होते. ओल्या लाकडाचं तर आपल्याकडच्या मे महिन्यात विचारूच नका: संध्याकाळी गोल काढलेला खुंटा सकाळी लंबगोल झालेला असतो. रात्री ठोकळा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, आणि काम चालू असतानाही मधूनमधून लेथ थांबवून चक आवळा.

चकाऐवजी फेसप्लेट, म्हणजे ठोकळ्याला स्क्रूने बसवायची लोखंडी चकती, लावणार असाल तर जिप्समचे काळे स्क्रू नकोत, ते झटक्यात तुटतात. जाड लाकडी स्क्रू घ्या. लाकडाच्या रेषा जिथे आडव्या कापल्या जातात त्या टोकाच्या बाजूत आटे कमी धरतात, तिथे आणखी लांब स्क्रू लागतात.

बाहेरचा आकार पूर्ण होईस्तोवर टेलस्टॉक, म्हणजे ठोकळ्याला समोरच्या टोकाकडून दाबून धरणारा आधार, काढू नका. भांडं उंच असेल तर कोरताना बाहेरून चाकांचा आधार, म्हणजे स्टेडी रेस्ट, हवाच.

आणि लाइन गेली की आधी स्विच बंद करा, मग हत्यार बाहेर काढा. लाइन परत येते तेव्हा सांगून येत नाही.