घरची कामे आणि वेबसाइटची कामे एकाच डेस्कटॉपवर: प्रणाली कशी निवडावी

दुकानात जाण्यापूर्वी, किंवा घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर नवी प्रणाली (विंडोज, मॅक किंवा लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम) चढवण्यापूर्वी, कागद घेऊन बसावे आणि मागच्या महिनाभरात त्या संगणकावर घरातल्या कोणी काय केले ते लिहून काढावे. वेब डेव्हलपमेंट करणारा माणूस बहुधा स्वतःपुरता विचार करतो. मीही तेच केले होते. दादरच्या आमच्या घरी एका रविवारी विंडोज काढून लिनक्स चढवले आणि सोमवारी सोसायटीचे सेक्रेटरी असलेल्या बाबांनी पाणीकपातीची सूचना छापायला घेतली. त्यांच्या कित्येक वर्षांच्या सूचना युनिकोडपूर्व (म्हणजे मराठी सगळ्या संगणकांवर सारखीच दिसावी यासाठीची प्रमाणित पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टात टाइप केलेल्या होत्या, त्यामुळे पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता काला दिसू लागला, आणि प्रिंटरने तर ओळखच दाखवली नाही. तेव्हा यादीत तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात: प्रिंटर, जुन्या फॉन्टांतली कागदपत्रे आणि डिजिटल सहीचे यूएसबी टोकन. यांपैकी एकही गोष्ट नित्याची असेल, तर विंडोज ठेवणेच शहाणपणाचे. युनिकोड मराठीची मात्र चिंता नको; भारतीय भाषांसाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत मिळतो.

वेबच्या कामाचा प्रश्न वेगळा आहे. आपण घरी काहीही वापरले, तरी तयार झालेली साइट बहुतेक वेळा लिनक्सच्या सर्व्हरवर जाऊन बसते, आणि घोडे पेंड खाते ते तिथे. विंडोज आणि मॅक फाइलच्या नावातले कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सहसा एकच मानतात; लिनक्स मानत नाही. एका पोळी-भाजी केंद्राची साइट मी विंडोजवर तयार केली तेव्हा थाळीच्या फोटोचे नाव कॅपिटल ‘टी’ने सुरू होत होते आणि कोडमध्ये स्मॉल ‘टी’ लिहिला गेला होता. घरी सगळे फोटो व्यवस्थित दिसले. सर्व्हरवर थाळीच्या जागी रिकामी चौकट. चूक सापडेपर्यंत अर्धी रात्र गेली. म्हणून घरच्या संगणकात कुठे ना कुठे लिनक्स असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मुख्य प्रणाली म्हणूनच असावे, असे मात्र नाही.

बहुतेकांना मी विंडोज ११ आणि त्याच्या पोटात लिनक्स ही जोडी सुचवेन. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, हे आधी तपासावे. मग स्टार्ट मेनूतून पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘डब्ल्यूएसएल’, थोडी जागा, दोन डॅश आणि त्यांना जोडून ‘इन्स्टॉल’ अशी आज्ञा द्यावी; डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय. संगणक पुन्हा सुरू केल्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आपले युजरनेम आणि पासवर्ड विचारते. इथे नवखे लोक हमखास एक चूक करतात: प्रोजेक्टचे फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवून ते उबुंटूतून चालवतात. दोन प्रणालींच्या मधली ही ये-जा संथ असते, आणि नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या) एखाद्या प्रोजेक्टमध्ये हजारो बारीक फाइली असल्यामुळे सगळे काम कासवाच्या गतीने होऊ लागते. फोल्डर उबुंटूच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवावे आणि व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरचे डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शन घालून तिथूनच उघडावे. मेमरीचाही हिशेब करावा, कारण हे उबुंटू संगणकाची निम्मी रॅम वापरू शकते. ८ जीबीत ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडले की ओढाताण होते, १६ जीबी असावी.

मॅकबद्दल थोडक्यात. प्रणाली लिनक्ससारखीच युनिक्सच्या घराण्यातली असल्याने टर्मिनलचे (आज्ञा टाइप करून करायचे) काम सहज होते, पण आयफोनसाठी ॲप बनवायचे असेल किंवा सफारी या मॅकच्या ब्राउझरवर साइट बारकाईने तपासायची असेल, तरच हा खर्च मला पटतो. विंडोजसाठीची सफारी २०१२ मध्येच थांबली. आताच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच पुरेशी घ्यावी. बीकेसीतल्या ॲपलच्या दुकानात जाऊन आपला कीबोर्डाचा हात बसतो का, हे पाहून यावे. कंट्रोलच्या जागी कमांड दाबण्याची सवय लागायला वेळ जातो.

विंडोज ११ न चालणारा जुना डेस्कटॉप असेल आणि पहिल्या यादीतली कोणतीही अडचण नसेल, तर लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकार चढवावा. बाविसावी आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट मिळवत राहील, आणि तिचा मेनू विंडोजच्या वळणाचा असल्याने घरच्यांना फारसे शिकवावे लागत नाही. आधी पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, ते चालवून पाहावे: वायफाय लागते का, आवाज येतो का, आणि मुख्य म्हणजे एक पान छापून निघते का. बूट सेटिंगला (संगणक कशावरून सुरू व्हावा, त्या सेटिंगला) हात लावण्यापूर्वी विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू आहे का ते पाहावे, आणि असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवावी.

एकाच डिस्कचे भाग पाडून दोन प्रणाली नांदवण्याच्या भानगडीत मात्र मी आता पडत नाही. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारात जाऊन एक वेगळी साटा एसएसडी (केबलने जोडायची वेगवान डिस्क) आणावी, जुनी डिस्क काढून ठेवावी आणि नव्या डिस्कवर लिनक्स बसवावे. आमच्याकडे विंडोजची जुनी डिस्क महिनाभर कपाटात होती. त्या महिन्यात बाबांच्या दोन सूचनांसाठी ती दोनदा जोडली, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी सूचना युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली.