घरगुती गेम कन्सोल बॅटरीवर चालवताना

प्रथम कन्सोलचा अडॅप्टर पाहावा. त्यावर व्होल्टेज, करंट आणि प्लगची ध्रुवता (धन-ऋण कोणत्या बाजूला ते) छापलेली असते. मूळ अमेरिकन एनईएसचा (निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलचा) अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, तर सेगा मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या प्लगचा मधला भाग ऋण असतो. येथे उलट जोडणी झाल्यास सर्किट जळू शकते.

अशा जुन्या कन्सोलमधील ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) ५ व्होल्ट देताना उरलेले व्होल्टेज उष्णतेत घालवतो आणि त्याला सुमारे ७ व्होल्ट तरी मिळावे लागतात. त्यामुळे दोन लिथियम-आयन सेल एकसरीत जोडले, तर पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्टला जवळजवळ ४० टक्के ऊर्जा वाया जाते आणि बॅटरी उतरू लागताच खेळ अडखळतो. म्हणून रेग्युलेटर काढून त्याजागी ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (कमी ऊर्जा वाया घालवून व्होल्टेज उतरवणारे सर्किट) बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, मात्र जोडण्यापूर्वी त्याचे आउटपुट मल्टिमीटरने तपासावे.

बॅटरीला संरक्षण सर्किट (अतिचार्ज, अतिडिस्चार्ज आणि शॉर्टपासून वाचवणारे) आणि धन तारेवर फ्यूज हवाच. ३ वॅट घेणारा कन्सोल २६०० एमएएचच्या अशा जोडीवर साधारण पाच तास चालतो. टीव्हीची वीज अर्थातच वेगळी.