प्रस्तावित कोळसा खाणीभोवतीचं पाणी कसं तपासावं

खाणीच्या अहवालात ‘हंगामी नाला, एरवी कोरडा’ एवढीच नोंद दिसली, की तो नाला आधी पाहायला जा. वर्षातले दहा महिने कोरडं असलेलं पात्र एका रात्रीच्या पावसात पंपघर बुडवू शकतं. खाणीचं पाणी तपासायचं म्हणजे वाहतं पाणी शोधायचं नाही, पाण्याची वाट शोधायची.

१. हद्द बाजूला ठेवा, पाणलोट आखा. खाणीच्या हद्दीत शिरणारं पाणी हद्दीबाहेर पडलेलं असतं, आणि हद्दीतून निघणारं पाणी दुसऱ्याच कोणाच्या शेतात जातं. म्हणून समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा घ्या. या रेषा नाल्यापाशी इंग्रजी ‘व्ही’सारख्या वळतात आणि व्हीचं टोक नेहमी उगमाकडे असतं. डोंगरधारेवर, म्हणजे दोन उतारांमधल्या उंच कण्यावर, याच्या उलट होतं, तिथे टोक उताराकडे येतं. या डोंगरधारा जोडत गेलात की जलविभाजक मिळतो. त्याच्या आत पडलेला प्रत्येक थेंब तुमच्या हिशेबात धरायचा.

अवकाशातून घेतलेली उंचीची माहिती फुकट मिळते, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. खूप वापरली जाणारी एसआरटीएमची (अवकाशयानातून रडारने केलेल्या उंचीमोजणीची) माहिती फेब्रुवारी २००० मध्ये गोळा झाली आणि तिचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा आहे. दोन मीटर रुंदीचा ओहोळ त्यात दिसणारच नाही. त्यानंतर घातलेला रस्ता किंवा बांधही दिसणार नाही.

२. दोनदा चाला. एकदा कोरड्या दिवसांत, एकदा पावसात. कोरड्या फेरीत पुराच्या खुणा नीट दिसतात: झुडपांत अडकलेला पालापाचोळा, काठावरची गाळाची रेघ, पात्रातले मोठे दगड. डोक्याएवढे दगड वाहून आले असतील, तर तो नाला कधीतरी जोरात आला आहे. काठावर राहणाऱ्यांना ‘पूर येतो का’ असं विचारू नका. ‘पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं’ असं विचारा आणि ती उंची मोजून घ्या.

झऱ्यांसाठी वेगळा वेळ काढा. उतारावरचा हिरवा ठिपका, कायम ओली राहणारी माती, पाणथळ जागेतलं गवत हे सगळं जीपीएसवर नोंदवा आणि मग खाणीतून निघणाऱ्या मातीचे ढिगारे कुठे रचायचे ठरले आहेत ते त्याच नकाशावर ठेवून पाहा. सगळं लक्ष खड्ड्याकडे जातं. माझ्या मते आधी ढिगाऱ्यांकडे पाहावं. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीचा ढिगारा घसरला. १४४ जण मरण पावले, त्यांत ११६ मुलं होती. ढिगारा झऱ्यांच्या जागेवर रचला होता, आणि ते झरे नकाशावर आधीपासून होते.

३. प्रवाह मोजा. उपकरण नसलं तरी चालतं. नाल्याचा सरळ तुकडा निवडून दहा मीटरवर दोन खुणा करा आणि लाकडाचा तुकडा सोडा. तो २० सेकंदांत पोचला, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाजवळ पाणी हळू चालतं, म्हणून त्याला ०.८ ने गुणा. पात्र दोन मीटर रुंद आणि सरासरी ३० सेंटिमीटर खोल असेल, तर प्रवाह सेकंदाला सुमारे २४० लिटर येतो.

४. खाण सुरू होण्याआधी नमुने घ्या. नंतर घेतलेल्या नमुन्याला तुलनेसाठी काहीच उरत नाही. एक जागा प्रस्तावित खाणीच्या वर, एक खाली आणि एक शेजारच्या, खाणीचा संबंध नसलेल्या ओढ्यावर ठेवा. सामू (पीएच), विद्युतवाहकता, सल्फेट, लोह, क्षारता (आम्ल शमवण्याची पाण्याची ताकद) आणि तरंगता गाळ तपासून घ्या. कोळशाच्या थरांत बऱ्याचदा पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असतं. त्याला हवा आणि पाणी मिळालं की आम्ल तयार होतं आणि पात्रात नारिंगी-पिवळा थर बसू लागतो. हे खाण बंद झाल्यावरही कित्येक दशकं चालू राहू शकतं.

५. खाणीच्या आराखड्यातलं गणित स्वतः करून पाहा. लहान पाणलोटासाठी सोपी रीत आहे: वाहून जाणाऱ्या पाण्याचा वाटा, ताशी मिलिमीटरमध्ये पाऊस आणि हेक्टरमध्ये क्षेत्र यांचा गुणाकार करून ३६० ने भागायचं. ५० हेक्टर झाडीत वाटा ०.३ धरला आणि ताशी ६० मिलिमीटर पाऊस झाला, तर सेकंदाला अडीच घनमीटर पाणी येईल. झाडी जाऊन जमीन उघडी, दबलेली झाली आणि वाटा ०.६ झाला, की तेच पाणी पाच घनमीटर होतं. खाणीभोवतीचा चर कोणत्या आकड्यावर बेतला आहे, ते विचारा.

गाळ बसवायच्या तळ्याचंही तसंच. दोन मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट) चिकणमातीचा कण स्थिर पाण्यात ३० सेंटिमीटर खाली जायला जवळजवळ एक दिवस घेतो. तळ्यात पाणी दोन तासच थांबणार असेल, तर बाहेर गढूळ पाणीच येईल.

नाला वळवायचा असेल तर जुन्या आणि नव्या पात्राची लांबी मोजा. वळणं काढून पात्र सरळ केलं की उतार वाढतो, वेग वाढतो आणि खालचे काठ खचू लागतात. भूमिगत खाणीत तपास वेगळा होतो: कोळसा काढल्यावर वरची जमीन खचते, पात्राला भेगा पडून पाणी खाली उतरतं किंवा सपाटीवर साचतं. तिथे नाल्याच्या तळाची आजची उंची ठरावीक अंतरावर मोजून ठेवा.

आराखड्यात हमखास गाळलेलं एक पान मागून घ्या: खाण बंद झाल्यावर त्या चरातला गाळ कोण काढणार, आणि पाण्याने भरलेला खड्डा ओसंडला तर पाणी कोणत्या नाल्यात उतरणार.