कॉफी केक करायच्या आदल्या दिवशी

रविवारी सकाळी केक हवा असेल तर शनिवारी संध्याकाळीच दही बांधून ठेवायला हवं. बाकी सगळ्या तयारीचा नंबर त्यानंतर लागतो.

केक कुठला ते आधी सांगते. अमेरिकेतल्या घरांमध्ये सकाळी किंवा दुपारी कॉफीबरोबर खातात तो: खाली आंबट क्रीम, म्हणजे सावर क्रीम, घातलेला ओलसर केक, वर लोणी, साखर आणि मैद्याचा जाडसर चुरा, म्हणजे स्ट्रॉयझल. कॉफी कपातच, केकमध्ये नाही. त्याचं माहेर जर्मन. सायलेशियात, म्हणजे आज जो भाग बहुतेक पोलंडमध्ये आहे तिथे, यीस्टने फुगवलेल्या पिठावर हा चुरा पसरून मोठमोठे ट्रे भाजले जायचे, आणि जर्मनीत तसा केक आजही होतो. जर्मन लोक अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर चुराही गेला. पुढे बेकिंग पावडर आली आणि पीठ फुगायची वाट बघणं संपलं. न्यूयॉर्कच्या बेकऱ्यांमध्ये तर चुऱ्याचा थर केकइतका जाड असतो. मला ते जरा अतीच वाटतं, म्हणून खालचं प्रमाण मधलं आहे.

केक कोरडा झाला की सगळे ओव्हनला नावं ठेवतात. बऱ्याचदा ओव्हन लावायच्या आधीच काम बिघडलेलं असतं: दही पातळ, बटर वितळलेलं, अंडी थंडगार, मैदा कपाने दाबून भरलेला. म्हणून ही यादी कृतीपेक्षा लांब आहे.

तर दही, सावर क्रीमच्या जागी. फुल क्रीम दुधाचं, ताजं, अर्धा किलो. मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, आणि हे सगळं फ्रिजमध्ये. नळाला किंवा खिडकीला टांगायची पद्धत थंडीत ठीक आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळपर्यंत ते दही इतकं आंबटतं की केकची चव बदलते. सकाळी त्यातला १५० ग्रॅम चक्का घ्यायचा आणि त्यात ५० ग्रॅम फ्रेश क्रीम फेटून एकजीव करायचं. क्रीमची भानगड कशाला, असं वाटेल. पण सावर क्रीममध्ये साधारण १८ ते २० टक्के स्निग्धांश असतो, आणि चक्का दिसायला कितीही दाट असला तरी त्यात तेवढा नसतो. नुसत्या चक्क्याचा केक गरम असताना छान लागतो आणि दुसऱ्या दिवशी घशात बसतो. डेअरीतला तयार चक्काही चालेल. पाडव्याच्या आसपास तो ताजा मिळतो, एरवी चाखून घ्या. फार आंबट निघाला तर त्याचं श्रीखंड करा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी यातलं काहीच करू नये, सावर क्रीमचा डबा आणून २०० ग्रॅम मोजून घ्यावं. फक्त डब्यावर ‘लाइट’ लिहिलेलं नको.

दही बांधून झालं की वजनकाटा बाहेर काढा आणि त्यात सेल आहेत का ते बघा. हे मी थट्टेत सांगत नाही. मैदा पिशवीतून कप बुडवून घेतला तर एका कपात १४०-१५० ग्रॅमही बसतो. चमच्याने हलका भरला तर १२० ते १२५. दीड कपाच्या केकमध्ये हा फरक पुरेसा आहे. ग्रॅममध्ये मोजा आणि कपाचा वाद सोडून द्या.

आता डबे उघडायचे. मैदा एकूण ३१० ग्रॅम लागेल, २०० केकसाठी आणि ११० चुऱ्यासाठी. जुना असेल तर वास घेऊन बघा आणि चाळा. पावसाळ्यात तर चाळाच. बटर १९० ग्रॅम, बिनमिठाचं. घरात फक्त पिवळं खारं बटर असेल तरी अडत नाही, फक्त कृतीतलं मीठ वगळा. घरचं ताकावरचं लोणी मात्र इथे नको. त्यात पाणी किती राहिलंय याचा नेम नसतो. ते थालीपीठावरच शोभतं.

साखरेकडे जरा लक्ष द्या. आपली किराणातली साखर जाड दाण्याची असते आणि बटरबरोबर फेटताना लवकर विरघळत नाही. १६० ग्रॅम साखर मिक्सरमध्ये दोन-तीनदा नुसती फिरवून घ्या, रव्याइतकी बारीक होईपर्यंत. पिठीसाखर करू नका. साखरेचे कण बटरमध्ये घासले जातात तेव्हा हवा अडकते आणि त्या हवेवर केक उभा राहतो. पिठीला धार नसते. ब्राउन शुगर १४० ग्रॅम: ९० चुऱ्यात, ५० मधल्या थरात. पुडा दगड झाला असेल तर त्यात ब्रेडचा तुकडा घालून डबा रात्रभर बंद ठेवा, मऊ होते. ब्राउन शुगर नसेल तर गुळाची कोरडी पावडर घ्या. चुऱ्याला तिची चव मला ब्राउन शुगरपेक्षाही आवडते, पण ती लवकर करपते, तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नका.

दालचिनी पुडीतली नको, ताजी कुटा. बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया असते, जाड सालीची, तिखट. खरी दालचिनी पातळ, कागदासारख्या पापुद्र्यांची गुंडाळी असते आणि हाताने चुरडता येते. ती आणायला श्रीलंकेपर्यंत जायला नको. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांमध्ये ती लावतात, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची जातही काढली आहे. दोन्हींतली कुठलीही चालेल, कॅशिया असेल तर थोडी कमी घाला. एकूण अडीच छोटे चमचे पूड तयार ठेवा. अक्रोड ६० ग्रॅम, एक तुकडा चावून बघितल्याशिवाय घालू नका. खवट अक्रोड सगळ्या केकला वास लावतो. व्हॅनिला एक चमचा.

बेकिंग पावडरची बाटली किती दिवसांपासून फडताळात आहे हे कोणालाच आठवत नसतं. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर ठीक. सोड्यावर लिंबू पिळून बघा. दोन्हींपैकी एकही नुसती कुरकुरली तर आजच नवीन आणा, नाहीतर उद्या सकाळी दुकान उघडायची वाट बघत बसाल. लागणार आहे ती पावडर सव्वा छोटा चमचा आणि सोडा पाव छोटा चमचा, दोन्ही सपाट. सोडा चक्क्याच्या आंबटपणावर काम करतो. फुगावा म्हणून अंदाजाने जास्त घातला तर केक आधी वर येतो, मग मध्यभागी बसतो आणि वरचा चुरा खड्ड्यात जातो.

अंडी दोन. आपल्याकडची अंडी अमेरिकेतल्या ‘लार्ज’पेक्षा बरेचदा लहान असतात. फोडल्यावर दोन्ही मिळून १०० ग्रॅम भरायला हवीत. ८५ भरली तर तिसरं अंडं फेटून त्यातलं चमचाभर घाला. अंड्याशिवाय करायचा असेल तर या यादीतली अंडी नुसती गाळू नका. त्याचं प्रमाण निराळं असतं आणि तो केकही निराळा.

टिन आठ इंची चौकोनी, निदान दोन इंच खोल. रिकामा टिन आत्ताच ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, ठेवून दार लावून बघा. लहान ओटीजीत तो दाराला टेकतो, आणि हे मिश्रण भरल्यावर कळण्यात काही मजा नाही. चारही बाजूंनी हवा फिरायला थोडी जागा हवी. हा केक उलटा करून काढता येत नाही, चुरा सगळा ओट्यावर येईल. म्हणून बटर पेपरची लांब पट्टी अशी कापा की दोन बाजूंनी ती टिनच्या वर येईल. नंतर ती धरून केक उचलायचा. काळ्या नॉनस्टिक टिनमध्ये किंवा काचेच्या भांड्यात करणार असाल तर तापमान दहा-पंधरा अंशांनी कमी धरा.

वीज. ओटीजी जाड पिनच्या पॉवर प्लगवरच लावायचा, एक्स्टेंशनच्या वायरीवर नाही. आणि वार बघा. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, तेव्हा गुरुवारी हा घाट घालूच नका. अर्धवट भाजलेला केक वीज आल्यावर पुन्हा फुगत नाही. ओटीजीचा काटा १७५ दाखवतो म्हणून आत १७५ असतीलच असंही नाही. दोन-तीनशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर रॅकवर ठेवून एकदा तपासा. केकच्या सामानात यापेक्षा उपयोगी खरेदी मला माहीत नाही.

झोपायच्या आधी चुरा करून ठेवा. मैदा ११० ग्रॅम, ब्राउन शुगर ९०, दालचिनी दीड चमचा, चिमूटभर मीठ. ७५ ग्रॅम बटर वितळवा, कोमट होऊ द्या, आणि काट्याने हलवत ओता. थंड बटर बोटांनी चोळूनही चुरा होतो, पण तो रवाळ, बारीक होतो. आपल्या उकाड्यात तर बटर हाताच्या उबेनेच सुटायला लागतं. वितळलेल्या बटरने खडे धरतात, आणि खाणाऱ्याला ते खडेच हवे असतात. परीक्षा करंज्यांच्या मोहनाची: मूठभर मिश्रण दाबलं की मुटका वळायला हवा, आणि बोटाने टोचला की फुटायला हवा. मुटका वळतच नसेल तर चमचाभर बटर, तेलकट चिकटत असेल तर चमचाभर मैदा. मुटके तसेच डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. गार चुरा ओव्हनमध्ये सावकाश वितळतो, त्यामुळे आकार धरतो आणि लगेच खाली बुडत नाही. मधल्या थरासाठी ५० ग्रॅम ब्राउन शुगर, उरलेली दालचिनी आणि बारीक चिरलेले अक्रोड वेगळ्या वाटीत. त्यात बटर नको.

सकाळी ११५ ग्रॅम बटर, अंडी आणि चक्का बाहेर काढा. किती आधी हे गाव आणि महिना ठरवतो. डिसेंबरात नाशिकला तासभर लागेल, मेमध्ये नागपूरला दहा मिनिटंही जास्त होतील. बोट दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण बटर चमकता कामा नये. चमकायला लागलं की ते वितळायच्या वाटेवर आहे, त्यात हवा राहत नाही. पाच मिनिटं परत फ्रिजमध्ये टाका. अंडी विसरलात तर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. थंड अंडं बटरमध्ये पडलं की मिश्रण फाटतं.

टिनला बटर लावून कागद बसवा, ओटीजी दोन्ही रॉडवर १७५ अंशांना पंधरा-वीस मिनिटं तापत ठेवा, कोरडे जिन्नस अर्धा चमचा मीठ घालून चाळा, आणि मगच फेटायला घ्या. बटर आणि साखर रंग फिकट होईपर्यंत, चार-पाच मिनिटं. अंडी एकेक करून, मग व्हॅनिला. त्यानंतर बीटर बाजूला ठेवून उलथन्याने मैदा तीन वेळा आणि चक्का दोन वेळा, आलटून पालटून. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. मिश्रण घट्ट असेल, ओतता येणार नाही, पसरावं लागेल. ते तसंच हवं. पातळ मिश्रणावर चुरा तरंगत नाही.

निम्मं मिश्रण टिनमध्ये पसरा, अक्रोडाची साखर भुरभुरवा, पण कडेने बोटभर जागा सोडा, नाहीतर साखर टिनला चिकटून जळते. उरलेलं मिश्रण चमच्याने ठिकठिकाणी टाकून हलक्या हाताने सारखं करा. मुटके फोडत वर घाला, काही शेंगदाण्याएवढे, काही त्याहून मोठे. दाबू नका. मधला रॅक, ४० ते ४५ मिनिटं. तिसाव्या मिनिटाला वरचा रंग बघा. गडद होत असेल तर फॉइल सैल झाका किंवा वरचा रॉड बंद करा. पस्तिसाव्या मिनिटापासून टूथपिक घालून बघायला सुरुवात करा. ती स्वच्छ कोरडी येईपर्यंत थांबायचं नाही, तिला एक-दोन ओलसर कण चिकटलेले असतानाच केक बाहेर. टिनमध्ये गरम असताना तो आणखी थोडा शिजतो.

वीस मिनिटांनी कागद धरून उचला, जाळीवर ठेवा. कापायला दातेरी सुरी, ब्रेडची असते ती. गरम असतानाच डब्यात बंद केलात तर वाफेने चुरा मऊ पडतो, म्हणून पूर्ण गार होऊ द्या. दोन दिवस बाहेर राहतो, कडक उन्हाळ्यात एकच धरा. फ्रिजमध्ये केक लवकर शिळा आणि घट्ट होतो, तेव्हा जास्त ठेवायचा तर तुकडे गुंडाळून फ्रीझरमध्ये, आणि खाताना ओटीजीत १५० अंशांवर सात-आठ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये चुऱ्याचा कुरकुरीतपणा जातो. मुंबईच्या पावसाळ्यात तो तसाही दुसऱ्या दिवशी मऊ पडतोच, तेव्हा जुलैमध्ये केक सकाळी करून संध्याकाळपर्यंत संपवलेला बरा.

हात लागलाच आहे तर चुरा दुप्पट करून निम्मा फ्रीझरमध्ये टाकून द्या. महिनाभर राहतो, आणि चिरलेल्या सफरचंदावर पसरून अर्धा तास भाजला की अवेळी आलेल्या पाहुण्यांची सोय होते.