स्वादुपिंड प्रत्यारोपणानंतर घरी साखर कशी सांभाळावी

माझ्या धाकट्या भावाला लहानपणीच टाइप १ मधुमेह झाला आणि पुढे मूत्रपिंडेही निकामी झाल्यावर पुण्यात त्याच्यावर मूत्रपिंड व स्वादुपिंड यांचे एकत्र प्रत्यारोपण झाले. 1966 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात झालेले जगातील पहिले स्वादुपिंड प्रत्यारोपणही मूत्रपिंडासोबतच झाले होते. भावाचे इन्सुलिन रुग्णालयातच सुटले आणि आता साखरेकडे बघायला नको, असे आम्ही घरातल्या सगळ्यांनी धरून चाललो. तो समज चुकीचा होता, म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

सर्वात आधी साखर केव्हा मोजायची ते नीट समजून घ्यावे. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून असलेली स्टेरॉइडची गोळी बहुधा सकाळी दिली जाते आणि तिच्यामुळे साखर चढते ती मुख्यतः दुपारी व संध्याकाळी. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी 90 किंवा 95 आकडा आला, म्हणून दिवसभर निर्धास्त राहू नये. आमच्याकडे पहिले तीन आठवडे फक्त सकाळचेच आकडे लिहिले जात होते आणि ते सगळे उत्तम होते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजायला लागलो, तेव्हा 190 च्या आसपासचे आकडे दिसू लागले. म्हणून वहीत उपाशीपोटी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी असे तीन रकाने आखावेत, शेजारी गोळ्यांची वेळ लिहावी, आणि किती दिवस व कितीदा मोजायचे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा सोललेल्या बोटावर राहिलेला रससुद्धा आकडा खोटा वाढवतो.

पहिले काही महिने एचबीएवनसीवर, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीवर, फार भिस्त ठेवू नये, कारण रक्तक्षय असेल किंवा रक्त चढवले असेल, तर तो आकडा फसवा येऊ शकतो.

उपाशीपोटीची साखर 126 च्या किंवा दिवसात केव्हाही 200 च्या वर दोनदा आली, तर पुढच्या ओपीडीची वाट न पाहता प्रत्यारोपण समन्वयकांना फोन करावा. साखर एकदम चढली, किंवा सोबत ताप, उलट्या अथवा पोटदुखी असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. साखर वाढण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि उपायही वेगळे असतात. टॅक्रोलिमस हे अवयव नाकारला जाऊ नये म्हणून रोज घ्यायचे औषध इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींचे काम मंदावते, तर स्टेरॉइडमुळे तयार झालेले इन्सुलिन शरीराला नीट वापरता येत नाही. सी-पेप्टाइडच्या तपासणीतून नवे स्वादुपिंड इन्सुलिन बनवते आहे की नाही ते कळते: सी-पेप्टाइड चांगले असूनही साखर जास्त असेल, तर औषधे, वाढलेले वजन किंवा एखादा जंतुसंसर्ग यांकडे बोट जाते, आणि ते घसरत असेल, तर काळजी अवयवाची असते. एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती प्रत्येकाला माहीत असावी असे मनापासून वाटते. शरीर अवयव नाकारू लागते, तेव्हा साखर शेवटी शेवटी वाढते; रक्तातील लायपेज, म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारे एक पाचक द्रव्य, त्याच्या आधी वाढू शकते. म्हणून साखर उत्तम आहे, या कारणाने ठरलेली रक्ततपासणी कधीही टाळू नये.

फ्रिजच्या दारात उरलेली इन्सुलिनची पेने डॉक्टरांना विचारून बाजूला करावीत. आकडा वाढलेला दिसला की जुन्या सवयीने हात तिकडे जातो, पण आता आतून इन्सुलिन येत असते आणि वरून स्वतःच्या मनाने टोचल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. पुष्कळ शस्त्रक्रियांत नव्या स्वादुपिंडाचे रक्त आधी यकृताकडे न जाता थेट मोठ्या नीलेत सोडलेले असते; एरवी यकृत पहिल्याच फेरीत सुमारे निम्मे इन्सुलिन काढून घेते, तो टप्पा गळाल्यामुळे रक्तात इन्सुलिन जास्त राहते. गोड खाल्ल्यानंतर काही तासांनी थरथर किंवा घाम जाणवला, तर साखर मोजावी आणि 70 च्या खाली असेल, तर लगेच साखरपाणी देऊन ती वेळ वहीत नोंदवावी.

आहारात एकादशीची साबुदाणा खिचडी हा मोठा प्रश्न ठरतो, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. भाकरी, उसळ, ताजी शिजवलेली भाजी आणि बेताचा भात हे रोजचे जेवण पुरते, आणि उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. पपनस मात्र पूर्ण वर्ज्य करावे, कारण त्याने टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढते. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल यांनीही ती वाढते, म्हणून साध्या सर्दीतापालाही औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणू नये.

टॅक्रोलिमसची पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त देण्याआधी घेऊ नये, नाहीतर पातळी जास्त दिसून डोस चुकीचा बदलला जाऊ शकतो. आम्ही ती गोळी छोट्या डबीत घालून भावाच्या खिशात देतो, आणि लॅबमध्ये दंडावरची पट्टी सुटली की तिथल्याच बाकावर तो ती पाण्याबरोबर घेतो.