पात्राला रंगपंचमीचा वेश चढवताना

व्हिडिओ गेममधला धनुर्धर असो की जादूगार, सणापुरता वेश करताना आधी रंग कुठून येतो ते ठरवा. इंदूरच्या गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, तो वरून येतो. राजवाड्यापाशी टँकरचे फवारे कित्येक मजले उंच उडतात आणि मग अंगावर कोसळतात. त्यामुळे पगडी आणि खांदे गच्च रंगतात, छातीवर ओघळ उतरतात, काखेत मात्र कुडता पांढराच राहतो. सगळीकडे सारखे शिंतोडे मारले, तर ती कुठल्याही गावची होळी वाटेल.

डाग कुडत्याच्या मूळ टेक्स्चरवर, म्हणजे त्यावर चढवलेल्या चित्रावर, काढू नका. डाग कुठे पडायचे ते सांगणारं १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं वेगळं चित्र, म्हणजे मास्क, करा: लाल चॅनलमध्ये गुलाबी, हिरव्यात हिरवा, निळ्यात पिवळा. प्रत्येकाचा जोर शेडरमधून (पृष्ठभागाचा रंग ठरवणाऱ्या प्रोग्रॅममधून) ० ते १ ठेवला की पात्र कोरं निघतं आणि खेळता खेळता रंगत जातं. मास्क एसआरजीबी म्हणून, म्हणजे साध्या रंगीत चित्रासारखा, आत आला तर डागांच्या फिक्या कडा खाल्ल्या जातात. ते सेटिंग बंद करा. हमखास होणारी चूक यूव्हीची, म्हणजे चित्राचा कुठला भाग कापडावर कुठे बसतो त्या नकाशाची. कुडत्याचा यूव्ही आरशासारखा दुमडलेला असेल, तर डाव्या खांद्यावरचा डाग तसाच्या तसा उजव्यावर उमटतो आणि खेळणाऱ्याला ते लगेच कळतं. मास्कसाठी न दुमडलेला दुसरा यूव्ही द्या.

कुडत्याला हाडांचा सांगाडा मूळचाच वापरा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये शरीरावरून वेट (कुठलं हाड कापडाला किती ओढतं ते आकडे) ट्रान्सफर करा, जाळीच्या दर बिंदूला जास्तीत जास्त ४ हाडं ठेवा आणि नॉर्मलाइज करा, म्हणजे दर बिंदूच्या वेटची बेरीज १ करा. कापडाखालचं शरीर लपवा, पण गळा आणि मनगटाशी शरीराच्या जाळीच्या दोन ओळी आत राहू द्या, नाहीतर हात वर केला की बाहीत पोकळी दिसते. पगडीला वेट नकोच. ती थेट डोक्याच्या हाडाला जोडा आणि खालचे केस लपवा.

आता तारीख. २०२४ मध्ये रंगपंचमी ३० मार्चला होती, २०२५ मध्ये १९ मार्चला, म्हणून दर वर्षाची तारीख तक्त्यात हातानं भरा. आपली फाल्गुन वद्य पंचमी इंदूरकडच्या हिंदी पंचांगात चैत्र कृष्ण पंचमी असते. त्या पंचांगात फाल्गुन कृष्ण पंचमी शोधलीत, तर वेश महिनाभर आधीच उघडेल. वेळ सर्व्हरची घ्या, कारण फोनचं घड्याळ कुणीही पुढे करतं. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर आपली मध्यरात्र तिथे आदल्या दिवशीची १८:३० असते.

सण संपला की वेश देणं थांबवा, फाइल काढू नका. ज्यानं तो मिळवला त्याच्या सेव्हमध्ये (साठवलेल्या खेळात) वेशाचा क्रमांक कायम राहतो. फाइल नसेल तर पात्राचं नुसतं डोकं आणि पंजे हवेत तरंगतात. क्रमांक सापडला नाही, तर नेहमीचा पोशाख चढेल अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा.